मागावरची साडी

"पप्पा, ही साडी विणू नका."

नवनाथच्या हातातला धोटा थांबला. विणताना तुटलेला धागा ज्याला दिसेल त्याने लगेच सांगायचं आणि सांगणाऱ्याला कुणी बोलायचं नाही, हा त्याच्या वडिलांपासूनचा नियम होता. लपवलेला धागा वीतभर पुढे गेल्यावर दिसतोच, आणि मग तेवढं सगळं उसवावं लागतं. म्हणून त्याने आधी मागावर नजर फिरवली. जांभळं रेशीम या काठापासून त्या काठापर्यंत साफ होतं.

"कुठं तुटलाय?"

तेजल शाळेच्या गणवेशातच उभी होती. तिने मान हलवली आणि मोबाईल पुढे केला.

येवल्याच्या त्या गल्लीत घरोघरी माग होते, पण मोबाईलवर दुकान फक्त नवनाथचं होतं. ते तेजलने मांडलेलं. आठवीतल्या पोरीने विणकामाचे व्हिडिओ टाकले, व्यापारी मधे न येता ऑर्डरी येऊ लागल्या, तसा त्याने मोबाईलही तिच्याच हवाली केला. पेजवर नाव तिचं, फोटो तिचा, गिऱ्हाइकांशी बोलणंही तिचंच. शिकवण तेवढी त्याची होती: गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही.

मागावरची साडी पुण्याच्या एका मॅडमची होती. निदान फोटो तरी मॅडमचा होता. आधी रंगाची चौकशी झाली, मग काठाची, मग पदरावरच्या मोरांची. मग, माझी मुलगी तुझ्याएवढीच आहे, एखादी तयार साडी खांद्यावर टाकून दाखव ना. तेजलने दाखवली. त्यानंतर मॅडमची भाषा बदलत गेली. शेवटचा मेसेज नवनाथने एकदाच वाचला. त्या माणसाला साडी नकोच होती. त्याला आणखी फोटो हवे होते, साडीशिवायचे. नाही पाठवले तर आधीचाच फोटो घाणेरडा करून गावभर फिरवणार होता.

"पाठवलेस तू?" तिच्या आईने, मीनाने विचारलं. ती रेशमाच्या कांड्या भरायचं सोडून कधी मागे येऊन उभी राहिली, ते बापलेकीला कळलं नव्हतं.

"नाही."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

तेजलने मागाकडे पाहिलं. "पप्पा रोज विणत होते. ऑर्डर गेली असती ना."

विणून झालेली साडी रुळावर चांगली जाड गुंडाळली गेली होती. तिच्या कितीतरी कांड्या रोज शाळेतून आल्यावर तेजलनेच भरल्या होत्या.

मीना घाबरली की रागवायची. पोरीच्या हातात मोबाईल नको म्हणून ती आधीपासून कोकलत होती, पण तिचं ऐकतं कोण. आता हे सगळं पुसून टाका, पेज बंद करा, गल्लीत कळलं तर बाहेर पडायची सोय राहणार नाही. बोलता बोलता तिने मोबाईलला हात घातला.

नवनाथने तो हात धरला. "मीना, धागा तिनं दाखवलाय. तिला बोलायचं नाय."

मीनाने हात मागे घेतला. मग पदराने तोंड पुसलं.

पुसायचं नसतं, तेजल हळूच म्हणाली. पुसलं की पुरावा जातो, असं शाळेत बाईंनी सांगितलं होतं. तिने प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. बाईंनी फळ्यावर लिहिलेला, मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा नंबरही तिला पाठ होता. लावायचा धीर तेवढा होत नव्हता.

नंबर नवनाथने लावला आणि मोबाईल सगळ्यांना ऐकू येईल असा मागाच्या फळीवर ठेवला. पलीकडच्या बाईंना कसली घाई नव्हती. त्याला उत्तर देऊ नका, ब्लॉक करा, सायबर पोलिसांत तक्रार द्या. त्यासाठी लागेल ती मदत आम्ही करू. मग त्यांनी तेजलला बोलायला सांगितलं. तुझं काही चुकलेलं नाही, असं त्या म्हणाल्या आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या. तेव्हा कुठे तेजल रडली. मीनाने तिला पोटाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी तिघंही तक्रार देऊन आले. घरी आल्यावर तेजलने पेजवरचा आपला फोटो काढून मागाचा लावला.

"दुकान बंद करायचं का पप्पा?"

"का म्हणून? तू मांडलंय ते. व्हिडिओ तू टाक. दारात मी बसतो, गिऱ्हाइकांशी मी बोलतो."

तिने त्याचा नंबर पेजवर टाकला. मीनाने मागावरच्या जांभळ्या साडीकडे बोट केलं. आता हिचं काय?

"आवडेल ती नेईल," नवनाथ म्हणाला. "पदर अजून व्हायचाय. मोरच घालू का गं तेजल?"

"मोर नको. पोपट."

तो पोपटी रेशीम शोधत असतानाच मोबाईलवर मेसेज आला. नांदगावच्या एका बाईंनी साडीचा व्हिडिओ पाहिला होता. रंग फार आवडला होता. तुमच्या मुलीच्या अंगावर टाकून दाखवता का, म्हणजे नेसल्यावर कशी दिसेल ते कळेल.

बाई भल्याच असाव्यात. नवनाथने तेजलकडे पाहिलं. ती कांडी भरता भरता थांबली होती आणि त्याच्याकडेच बघत होती.

त्याचा अंगठा जाड होता, अक्षरं बारीक. एकदा चुकलं, खोडलं, परत लिहिलं. नाही. त्याने मेसेज पाठवला आणि मोबाईल फळीवर उताणा ठेवला.

बाईंचं उत्तर यायच्या आधीच धोटा सुटला होता.