सासूबाईंचा वाफा

घरामागच्या बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याच्या जागेवर बाग करायला सरकारने निधी दिला आणि आधी तिथली माती तपासून घेतली. तपासणीवाल्या बाई निकाल सांगायला दारात आल्या, तेव्हा सून लेकीला पालक भरवत होती.

"ताई, मातीत शिसं निघालंय. सगळी उकरून न्यावी लागणार. त्या भिंतीलगतच्या वाफ्यातलं कुणी काही खाल्लं नाही ना?"

सुनेचा चमचा हवेतच राहिला. वाफा सासूबाईंचा. रोज सकाळी त्या टोपली घेऊन मागच्या दाराने जायच्या आणि हिरवागार पालक आणायच्या. वर, "बाजारातलं फवारलेलं माझ्या नातीच्या पोटात नको," हे सगळ्या शेजारणींना ऐकवायच्या. वाफ्याकडे मात्र कुणाला फिरकू द्यायच्या नाहीत.

"आई," सुनेने पालकाची वाटी दूर सारली, "दात आल्यापासून ही तुमचाच पालक खातेय हो!"

सासूबाईंनी नातीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मेलं त्या मातीत कधी काही उगवलंच नाही. एवढा गाजावाजा करून बसले होते, मग सांगू कुठल्या तोंडाने? कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून आणायचे."

"रोज?"

"रोज. जुडीचा दोरा तिथेच सोडून टाकायचे."

सुनेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंडावर हसू. तिने उष्ट्या हातानेच सासूबाईंना मिठी मारली.

"शेजारणींना कळू देऊ नकोस हं," त्या कानात पुटपुटल्या.

"नाही कळू देत. पण उद्यापासून टोपली घेऊन पुढच्या दाराने जा."