भुरीची वाटी

“दोन किलो शंभर!” निकितानं भुरी मांजरीला भाजी तोलायच्या काट्यावरून उचललं. “पंधरा दिवसांत तीनशे ग्रॅम कमी. कोण कच्चं दूध पाजून राह्यलं हिले?”

तिचे बाबा रामकिसन ओट्यावर चहा पीत होते. आई प्रयागबाई भाकरी थापत होती. भाऊ राजूनं मोबाइलमधून मानही वर काढली नाही. “घरात मले एक अंडं भेटत नाही. हिच्यासाठी रोज उकडतेत. अन् वरून आळ बी आमच्यावरच.”

“तुले रक्ताचा आजार झाला तर तुलेबी अंडं उकडून देईन.”

महिन्यापूर्वी ती भुरीला टोपलीत घालून केनवडहून बसनं अकोल्याला घेऊन गेली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. फेलाइन ल्युकेमिया. मांजरींच्या रक्ताचा, विषाणूनं होणारा आजार, बरा होत नाही. पण नीट सांभाळली तर काही महिने, कदाचित काही वर्षंही जगेल. कच्चं दूध आणि कच्चं मांस बंद, कारण अंगात जंतूंशी लढायची ताकद उरलेली नसते. उकडलेलं अंडं, मऊ शिजवलेली कोंबडी, कोमट करून, थोडं थोडं. बाहेर सोडायचं नाही. दुसऱ्या मांजरीपासून लांब ठेवायचं, कारण हा विषाणू लाळेतून जातो आणि मांजरीकडून तिच्या पिलांतही उतरतो.

घरी आल्यावर निकितानं सगळ्यांना समोर बसवून हे सांगितलं. रामकिसन म्हणाले, “मांजरीले कायचा दवाखाना?” पण त्याच दिवशी त्यांनी धान्याची खोली भुरीसाठी रिकामी करून दिली.

निकिता बी.एस्सी. झालेली, रिसोडच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची. तिनं एक वही सुरू केली. तारीख, वजन, किती दिलं, किती उरलं. सकाळी वाटी भरून ठेवायची आणि बस पकडायची. दुपारचं आई ठेवायची. संध्याकाळी वाटी चकचकीत रिकामी असायची. शेवटच्या रकान्यात महिनाभर एकच आकडा होता. शून्य.

तेच तिला कळत नव्हतं. सगळं खाणारी मांजर वाळते कशी? म्हणजे कोणीतरी चोरून काहीतरी पाजतंय आणि तिचं पोट बिघडतंय. आज ते शोधायला तिनं मुद्दाम रजा टाकली होती.

“बाबा, धार काढताना तुमी?”

“थेंब देला नाही म्या. ते खोलीच्या बाहीर तरी येते का?”

“मंग काय माही वही खोटं बोलते?” तिनं वही ओट्यावर आपटली. भुरी दचकून टोपलीत शिरली. “एका मुक्या जनावराचा जीव हाय. तुमाले चार दिवस नेम पाळता येत नाही!”

प्रयागबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

तेवढ्यात शेजारच्या सोजरबाई फाटकातून आत आल्या. काखेत त्यांची मांजर ठकी. तिचे केस तुकतुकीत, पोट जड.

“प्रयागबाई, आज वाटी आली नाही, म्हून मीच आली. हे ओरडून ओरडून जीव खाऊन राह्यली माहा.”

“कोणती वाटी?” निकितानं विचारलं.

“अवं, भुरीची. महिना झाला न. पाह्य कशी चमकते ते!”

निकिता आईकडे वळली. भाकरी करपत होती.

“भुरी जरासं चाटते अन् तोंड फिरवते,” प्रयागबाई म्हणाली. “तू थकून येतं. भरलेली वाटी पाहून तुह्या जिवाले लागलं असतं. अन् शिजवलेलं अन्न उकिरड्यावर कसं फेकावं? कोणाच्या तरी तोंडी लागावं. वाटी तर मी धुऊनच ठेवत होती.”

“लाळेतून जाते म्हणून सांगतलं होतं म्या!” निकिताचा आवाज फाटला. “दुसऱ्या मांजरीपासून लांब म्हणून सांगतलं होतं!”

“मंग? एकबी मांजर खोलीत येऊ देली नाही म्या.”

निकितानं वही उघडली. शून्य. शून्य. शून्य. महिनाभर भुरी अर्धपोटी होती आणि ती रोज स्वतःच्या हातानं ते खोटं लिहीत होती. तिनं एवढ्या जोरात रेघ मारली की कागद फाटला.

सोजरबाईंना काहीच उमगलं नव्हतं. त्यांनी ठकीच्या पोटावरून हात फिरवला आणि हसल्या.

“एवढी तापू नको वं पोरी. पाच तरी पिलं होतीन. भुरी गेल्यावर तुले करमावं, म्हून तुह्या मायनं त्यातलं एक आधीच मागून ठेवलं.”