शेवटची जागा

दोन विमान कंपन्या एक झाल्या, तेव्हा निवृत्त वैमानिकांच्या फुकट प्रवासाचा नियम बड्या कंपनीतल्या वैमानिकांच्या पुढाऱ्याने रेटून नेला: रिकाम्या जागा आधी आपल्या माणसांना, उरल्यासुरल्या धाकट्या कंपनीवाल्यांना. त्यापायी धाकट्या कंपनीच्या एका निवृत्त कॅप्टनला वेळेवर जागा मिळाली नाही; तो आजारी बहिणीच्या गावी पोहोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याने डूख धरला. आज त्याच गावच्या विमानासाठी तोच पुढारी, आता स्वतःही निवृत्त, फुकटच्या रिकाम्या जागेसाठी गेटवर ताटकळत होता. "शेवटची जागा विकली गेली, सर," काउंटरवरची मुलगी म्हणाली. पुढारी या विमानाने निघणार हे कळताच कॅप्टनने ती जागा पूर्ण भाडं भरून घेतली होती. तिकीट दाखवत तो पुढे आला. "कॅप्टन, लेकीचं ऑपरेशन आहे. मला जाऊ द्या," पुढारी काकुळतीला आला. "तुमचं तिकडे काय अडलंय?" "काहीच नाही," कॅप्टन म्हणाला. "तिथे माझं आता कोणीच नाही." आणि तो विमानात शिरला.