एकच मेमो

“ना घड़ी देखना आता है, ना तारीख मालूम. और कहती हो, तीन साल बंद रखा?” कोठीवाल्यांचा वकील हसला.

डिंडोरीच्या सुमनला नोकरीचं आमिष दाखवून भोपाळला आणलं आणि पिपलानीजवळच्या एका कोठीत, बड्या बंगल्यात, विकलं. पोलिसांनी तिला सोडवलं ते नव्वद साली. कोठीवाले म्हणत होते, पोरगी त्याआधी दोनच महिने आली, तीही पाहुणी म्हणून. कोर्टाला हे पटलं, तर सगळं मुसळ केरात.

“कारखाने का भोंपू सुनती थी, साहब,” सुमन म्हणाली. “पहले भोंपू पर उठना पड़ता था. पहली ही ठंड में एक दिन वो बहुत देर से बजा. मैं सोती रह गई, तो मालकिन ने गरम चिमटे से मारा.” तिने बाही वर केली.

मागच्या बाकावर मनोरमाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सुटकेनंतर सुमन ज्या आश्रमात राहिली, तिथे तिला शिवण शिकवत होत्या त्या. शेजारी कारखान्याच्या टाउनशिपमधल्या सिंधूताई होत्या.

पुढचे साक्षीदार मनोरमाबाईंचे यजमान, नीळकंठराव. कारखान्याचा भोंगा तीस वर्षं त्यांनीच वाजवला. ‘आमच्या ह्यांना तीस वर्षांत एक मेमो नाही,’ हे बाईंनी प्रत्येक हळदीकुंकवाला सांगितलेलं. भोंग्याच्या वेळा सांगायला बोलावलं असेल, एवढीच बाईंची समजूत.

नीळकंठरावांनी खिशातून घडीवर घडी घातलेला कागद काढला. वाचलं खणखणीत. “ग्यारह जनवरी, अठासी. सुबह का पहला भोंपू बाईस मिनट लेट. कारण, ऑपरेटर ड्यूटी पर सो गया.” त्यांनी कागद खाली केला. “ऑपरेटर मैं ही था.”

मनोरमाबाईंचा पदर हातातच राहिला. त्या जानेवारीत त्या उज्जैनला माहेरी होत्या.

वकील उसळला. “मतलब लड़की को आपने सिखाया!”

“सिखाना ही होता,” नीळकंठराव म्हणाले, “तो अपनी ही गलती क्यों सिखाता, साहब? ये कागज तो मैंने घरवाली को भी नहीं दिखाया. लड़की ने जब बताया कि उस दिन मार पड़ी, तब संदूक से निकाला.”

बोलताना त्यांनी सुमनकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिने मात्र त्यांना हात जोडले.

जजसाहेबांनी कागद दोनदा वाचला, तारखेखाली बोट फिरवलं आणि म्हणाले, “अठासी में ये लड़की यहीं थी. इसे रिकॉर्ड पर लीजिए.”

सिंधूताई चपापून मनोरमाबाईंकडे बघायला लागल्या. बाई ताठ बसल्या होत्या. पदर सारखा करून त्यांनी सिंधूताईंना कोपराने हलकेच ढोसलं.

“ऐकलंत ना? आमच्या ह्यांचा मेमो आहे तो.”