गुंड्याला सांगितलेलं

"गुंड्या, बंगळुरूला पाच वर्षं म्हणजे जरा जास्तच होतात की नाही रे?" अंगणात टोस्टचा तुकडा पुढे करत बाबा कुत्र्याला विचारत होते.

खिडकीच्या आत ऋजुताने कपाळावर हात मारला. पीएचडीला जाऊ की नको, हे ती आठवडाभर त्यांना विचारत होती. तिला उत्तर मिळायचं, "बघू." गुंड्याला मात्र रोज सकाळी सगळं सविस्तर. आणि आज संध्याकाळपर्यंत तिला होकार कळवायचा होता.

शेवटी स्टीलचं ताट आणि डाव घेऊन ती बाहेर आली. गुंड्याच्या मागे उभी राहून तिने ताट तीनदा दणादणा वाजवलं. शेजारच्या काकू गच्चीत आल्या. गुंड्याने कानसुद्धा हलवला नाही.

"बघितलंत? ठार बहिरा आहे तो. कुणाशी बोलता रोज?"

"वर्ष झालं त्याला ऐकू येत नाही. डॉक्टरांकडे मीच नेलं होतं," म्हणत बाबा चहा ढवळू लागले.

डाव तिच्या हातातच राहिला. तिने मागे वळून पाहिलं. बाबांची खुर्ची बरोबर तिच्या खिडकीखाली होती. वर्षभर तिथेच असायची.

ती पायरीवर बसली आणि गुंड्याची मान खाजवू लागली. "गुंड्या, यांना सांग, मी रोज फोन करेन. पण फोनवर नुसतं 'बघू' चालणार नाही."

बाबांनी टोस्ट चहात बुडवला.

"गुंड्या, तिला म्हणावं, खुशाल जा. फोन लाव आणि ऐकत राहा. आपण दोघं बोलू."