गाडी आली

डहाणूतल्या नव्या हॉटेलात निलम मॅडमनी व्हिएतनामचा अख्खा रस्ता उभा केला होता. बुटकी प्लास्टिकची स्टुलं, डोक्यावर लोंबणाऱ्या वायरी, भिंतीलगत फुटपाथ. त्या फुटपाथवर चिकूची पाटी घेऊन बसायला त्यांनी चंद्रिकाला स्टेशनबाहेरून आणलं. "मावशी, वेगळं काही करायचं नाही. तिथे बसता तसंच इथे बसायचं." चंद्रिका बसली. तिला इथे काय नि तिथे काय, सारखंच.

उद्घाटनाच्या दिवशी हॉटेलच्या शेठची मोटार फाटकात शिरली, तसा वॉचमन ओरडला, "गाडी आली!"

चंद्रिकाने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पाटी उचलली नि टेबलांमधून वाट काढत, चिकू सांडत, ती थेट किचनमध्ये घुसली. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की पंधरा वर्षं ती अशीच पळत होती.

बाहेर पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. निलम मॅडम धावत आत आल्या. "मावशी, व्हिएतनामच्या रस्त्यावरही अगदी असंच पळतात! आता रोज संध्याकाळी हे करायचं."

चंद्रिकाला ना हसू आलं, ना रडू. पदराने एक चिकू पुसत तिने एवढंच विचारलं,

"करीन. पन मॅडम, पलायचं कुठवर?"