जिनाचं काळीज

कचरू जालन्याला कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला लागला. त्याच्या आईला, गोजरबाईला, जिन म्हणजे दर्ग्यावर उतरवतात तोच ठाऊक. तिनं धसकाच घेतला. रोज संध्याकाळी विचारायची, "काय खातो रे त्यो?"

"कापूस. अन् सरकी थुकतो."

"दात हायेत?"

"लई. पोटात आग हाय, पाणीबी पितो."

"एकटाच हाय?"

"न्हाई माय, ओळीनं चोवीस हायेत."

"लेकरं होत असतील मंग."

"विलायतेतून मागवतात."

"अन् काळीज?"

कचरू हसला. "उद्या बराबर बघून सांगतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी बैलगाडीतून, जिनात सापडलेलं, त्याचं प्रेत आलं. जिनाचा भोंगा मात्र रोजच्या वेळेलाच वाजला.



कचरूच्या जागी आता सून जाते. संध्याकाळी ती घरी आली, की गोजरबाई काहीच विचारत नाही.